काळी आणि पांढर : चार रविवारांची सहल



घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात कधी ना कधी ‘मेसोपोटेमिया’ हे नाव येतेच. नाव उच्चारताना जीभ अडखळते. टायग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांमधला प्रदेश, म्हणजे आजचा इराक. ऊर, उरुक, बॅबिलोन, निनेव्हे ही तिथली जुनी शहरे. एवढे पाठ करून पोर परीक्षेला जाते आणि परीक्षा झाली की विसरून जाते. पण एखादे चौकस पोर असते. ते जेवताना विचारते, “आबा, हे बघायला जाता येतं का हो?”

येते, जाता येते. वाटाडे घेऊन, मोटारीत बसून जगभरची माणसे ती शहरे बघून येतात. पण एवढा खर्च आणि एवढा वेळ आपल्यापैकी कितीजणांना जमणार? घरी दोन म्हशी आणि रानात उभा ऊस असला की परदेश राहोच, पाहुण्यांच्या लग्नालासुद्धा रात्रीच परतावे लागते.

म्हणून आम्ही तुमच्यासाठी दुसरी सहल आखली आहे. ती कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. सलग सुट्टी काढायला नको. चार रविवार पुरे. सकाळची धार काढून निघायचे आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचे. आणि गंमत अशी की दजला-फरातच्या काठी जाऊन माणूस जे शिकून येतो, त्यातले बरेचसे पंचगंगा आणि कृष्णेच्या काठी शिकता येते. दजला आणि फरात ही त्याच दोन नद्यांची आपल्या बाजूला रुळलेली नावे.

निघण्यापूर्वी एक गोष्ट

आपल्या गावाच्या जमिनीचे दोन भाग जुन्या काळापासून मानलेले आहेत. पिकते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढर. आजही म्हातारी माणसे गावाला ‘पांढर’ म्हणतात, पांढरीला नारळ फोडतात. गावठाणाची माती पांढरट का होते? पिढ्यान् पिढ्या माणसे एकाच जागी राहिली की मातीच्या भिंती पडतात, त्यावर नव्या उभ्या राहतात. चुलीची राख, शेण, हाडे, फुटके गाडगे, सारे तिथेच मुरते. शे-दोनशे वर्षांत जमीन हातभर वर येते, आणि हजार-दोन हजार वर्षांत टेकाड उभे राहते.

इराकमधली ऊर आणि बॅबिलोन ही शहरे अशीच टेकाडे होऊन मातीखाली गेली होती. अरबी भाषेत अशा टेकाडाला ‘तेल’ म्हणतात. आपल्या घाण्याच्या तेलाशी त्याचा काही संबंध नाही. लिओनार्ड वूली या इंग्रज संशोधकाने १९२२ ते १९३४ अशी बारा वर्षे ऊरचे टेकाड खणले, तेव्हा राजांची दफने, सोन्याचे दागिने, वीणा आणि घरांच्या ओळी बाहेर आल्या. त्या दफनांत लाल अकीकाचे मणीही होते आणि ते आपल्या बाजूच्या सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांचे होते. अक्कडचा राजा सारगॉन, इ. स. पूर्व २३०० च्या सुमाराचा, आपल्या लेखात अभिमानाने सांगतो की मेलुहाची गलबते माझ्या धक्क्याला लागतात. हा मेलुहा म्हणजे सिंधूकाठचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

तेव्हा पांढरीचे टेकाड म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगा, आणि मग निघा.

पहिला रविवार : ब्रह्मपुरी आणि टाउन हॉल

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर उतरा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा. घाटावर पाय धुऊन वर पाहिले की जवळच ब्रह्मपुरीची उंचवट्याची वस्ती दिसते. आज तिथे घरे आहेत, रस्ते आहेत, माणसांची रोजची धावपळ आहे. तुम्ही दहा वेळा तिथून गेला असाल आणि पायाखाली काय आहे याचा संशयही तुम्हाला आला नसेल.

ही कोल्हापूरची पांढर. १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले. वरच्या थरात बहामनी काळातली वस्ती लागली आणि खाली खाली जाता सातवाहनांच्या काळातली, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, विटांची घरे लागली. मणी, काचेच्या बांगड्या, मातीची भांडी, नाणी असा संसार मातीत जसाच्या तसा पडलेला होता. त्याच सुमारास या टेकाडातून काशाच्या वस्तूंचा एक ठेवाही हाती आला.

तो ठेवा पाहायला आता भाऊसिंगजी रस्त्यावरच्या टाउन हॉलमध्ये चला. ही दगडी इमारत १८७६ साली पुरी झाली. आज तिच्यात कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय आहे. मोठ्या तोफा आणि शिल्पे पाहून मुले तिकडे धावतील, त्यांना धावू द्या. मग त्यांना हाताला धरून एका लहानशा मूर्तीपाशी आणा. वीतभरही उंची नसलेला, दाढीवाला, उघडा, पिळदार अंगाचा हा पुरुष आपल्याकडचा नव्हे. हा पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्रदेव. हातातले आयुध कधीच गळून गेले आहे, पण उभे राहण्याची ऐट अजून तशीच आहे.

मुले विचारतील, हा इथे कसा आला? त्याची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे व्यापारी पावसाळी वाऱ्यांचा अंदाज घेऊन मिसर देशातून गलबते आपल्या पश्चिम किनाऱ्याला आणीत. मिरी, रत्ने, मलमल, हस्तिदंत घेत. सोने-चांदी, मद्य, काशाच्या वस्तू देत. बंदरातून माल घाट चढून बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून वर येई. अशाच कुठल्या तरी तांड्याबरोबर हा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी आला. त्या काळी येथे ‘कुर’ नावाने ओळखले जाणारे राजे होते. विळिवायकुर, शिवलकुर अशी त्यांची नावे नाण्यांवर आहेत आणि बाजूला बाण लावलेले धनुष्य आहे. इ. स. च्या दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या भूगोलकाराने बलिओकुरोस राजाच्या ‘हिप्पोकुरा’ या राजधानीचा उल्लेख केला आहे. ती राजधानी म्हणजे कोल्हापूरच असावी, असे काही अभ्यासक म्हणतात.

वस्तुसंग्रहालयातून अंबाबाईच्या देवळात जाल, ते दर्शनासाठी जालच. पण या वेळी दर्शन झाल्यावर पाच मिनिटे जास्त थांबा आणि मुलांना किरणोत्सवाची हकिकत सांगा. दर वर्षी ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांना लागतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत येतात, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ज्या गवंड्यांनी हे साधले त्यांच्या हाती यंत्रे नव्हती. वर्षानुवर्षे सूर्य कुठे मावळतो हे डोळ्यांनी पाहून मनात साठवलेले होते. बॅबिलोनचे लोकही असेच आकाश पाहून लिहून ठेवीत. त्यांची मोजणी साठाच्या पटीत चाले. मुलाच्या मनगटावरच्या घड्याळात तासाची साठ मिनिटे आहेत ती त्यांच्याकडूनच आलेली. एवढे सांगितलेत की मेसोपोटेमिया मुलाच्या मनगटावर येऊन बसेल.

दुसरा रविवार : पन्हाळ्याची कोठारे

पन्हाळा कोल्हापुरापासून वीस किलोमीटरच्या आसपास. एस.टी. थेट गडावर जाते. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधला. २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत पन्हाळाही आहे. तेव्हा आता ऊर, बॅबिलोन आणि आपला पन्हाळा एकाच यादीत बसले आहेत.

शिवाजी महाराजांची सुटका आणि बाजीप्रभूंची घोडखिंड मुलांना तोंडपाठ असते, म्हणून ती येथे सांगत नाही. तुम्ही शेतकरी आहात, तुम्ही अंबरखाना बघा. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे असलेली ही धान्याची कोठारे. त्यांतली गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात. दोन्ही अंगांनी वर जायला पायऱ्या आहेत. वरच्या घुमटांना भोके ठेवलेली आहेत, त्यांतून धान्य आत ओतायचे. आपली कणगी वरून भरतो आणि खालून काढतो, तीच युक्ती; फक्त कणगी दगडाची आणि भिंती पुरुषभर जाड.

सिद्दी जौहरने १६६० साली या गडाला वेढा घातला तो सुमारे चार महिने टिकला. इतके दिवस गड लढला तो तलवारीवर, तसाच या कोठीतल्या दाण्यावरही. तो दाणा खालच्या गावांतल्या बायाबापड्यांनी पेरलेला, कापलेला, मळलेला होता. त्यांची नावे कुठल्याही बखरीत नाहीत.

आता मुलांना एक प्रश्न घाला. माणसाने लिहायला सुरुवात कशासाठी केली? मुले म्हणतील, देवाची स्तोत्रे लिहायला, राजाची गाणी लिहायला. उरुक शहरात सापडलेल्या पाच हजार वर्षांहून जुन्या मातीच्या पाट्या जगातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी आहेत. त्यांवर बहुतांशी हिशोब आहेत. कोठारात सातू किती आला, कोणाला किती दिला, मेंढरे किती, मजुरांचा शिधा किती. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा दाबायच्या आणि पाटी वाळवायची. म्हणजे लेखणी प्रथम धरली ती कोठीवरच्या कारकुनाने, आणि तीही आपल्या दाण्यासाठी! वर्षाकाठी सोसायटीचा उतारा आणि कारखान्याचे बिल हातात घेऊन बसताना ही गोष्ट जरूर आठवा.

आणखी एक पाटी आहे, तिचे ऐकून तुम्हाला घरचेच कोणी बोलल्यासारखे वाटेल. सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची ही रचना. तिच्यात एक जुना शेतकरी आपल्या मुलाला शेती कशी करावी ते सांगतो. पाणी सोडताना बांधावर नजर ठेव. अवजारे आधीच दुरुस्त करून ठेव. ढेकळे फोड. बी सारखे पडू दे, दोन बोटे खोल. उगवल्यावर पाखरे हाक. उंदरांचा उपद्रव होऊ नये म्हणून देवीची प्रार्थना कर. त्यांच्या नांगराला वरून बी सोडायला नळी असे. आपल्या कुरीला चाडे आणि नळ्या असतात, तोच विचार. ट्रॅक्टर आला तरी बापाचे सांगणे बदललेले नाही, आणि मुलाचे न ऐकणेही बहुधा बदललेले नसावे.

तिसरा रविवार : खिद्रापूर, आणि वाटेवरचे शिरोळ

या दिवशी लवकर निघा. जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड असे करत खिद्रापूर गाठायचे. वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचे दर्शन घ्या, कवठाची बर्फी घ्या, आणि पुढे चला.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर कृष्णेच्या काठी आहे. शिलाहारांनी बाराव्या शतकात त्याचे मोठे काम केले. पुढे यादव राजा सिंघण याने दान दिल्याचा शिलालेख येथे आहे. मंदिरापुढचा स्वर्गमंडप पाहा. अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध वर छत नाही, गोल मोकळे आभाळ! त्या गोलाखाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. मंदिराच्या जोत्याभोवती हत्तींची रांग आहे, जणू सारे देऊळ त्यांनीच पाठीवर तोलले आहे. येथे महादेवापुढे नंदी नाही. सतीच्या वियोगाने कोपलेल्या शिवाला शांत करण्यासाठी विष्णू आले, म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत; आणि नंदी नदीपलीकडच्या यडूरला आहे, असे गावकरी सांगतात.

याच शिलाहारांपैकी गंडरादित्य राजाने ‘गंडसमुद्र’ नावाचा मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन अशा तिन्ही देवांची स्थापना केली, असे शके १०३२ म्हणजे इ. स. १११० च्या ताम्रपटात लिहिले आहे. तळे एक, काठावर देव तीन, आणि पाणी सर्वांचे.

पाण्यावरून आता सहलीतली सर्वांत महत्त्वाची जागा येते. तिथे तिकीट नाही, पाटी नाही, वाटाड्या नाही. कोपेश्वर पाहून परतताना शिरोळ तालुक्यात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवा. उसाच्या हिरव्या फडांच्या मध्येच एखादे रान मोकळे दिसेल. त्यात झाड नाही, पीक नाही. कुठे लव्हाळा, कुठे खुरटे गवत, आणि ढेकळांवर चुना शिंपडल्यासारखे पांढरे. जवळ जाऊन बोटाने टिपून जिभेला लावा. खारट.

हे कसे झाले, ते या भागातल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. काळी जमीन पाणी धरून ठेवते. नदीचे पाणी उपसा योजनांनी आले, ऊस आला, आणि पाटाला मनमुराद पाणी सुटू लागले. जेवढे दिले तेवढे पिकाने घेतले नाही आणि खाली निचरा झाला नाही. जमिनीतली पाण्याची पातळी वर वर आली. उन्हाने वरचे पाणी उडून जाते, आणि त्याबरोबर वर आलेले क्षार मात्र मागे राहतात. दर वर्षी थोडे थोडे. आधी उसाचा उतारा घटतो, मग उगवणच विरळ होते, मग रान क्षारपड होऊन पडते. ज्याच्या आजोबांनी त्याच रानात जोंधळा आणि हरभरा पिकवला, तो नातू बांधावर उभा राहून पांढऱ्या मातीकडे पाहत बसतो.

आता दजला-फरातकडे पाहा. ऊरच्या भोवतालची जमीन सपाट होती, पाऊस थोडा होता आणि सारी शेती कालव्यांच्या पाण्यावर होती. तिथेही हेच झाले. याकॉबसन आणि ॲडम्स या दोन संशोधकांनी १९५८ साली मांडले की इ. स. पूर्व ३५०० च्या सुमारास तिथे गहू आणि सातू जवळजवळ सारखेच पिकत होते. पुढे गव्हाचे प्रमाण घटत गेले आणि इ. स. पूर्व १७०० पर्यंत दक्षिणेकडे गहू जवळजवळ दिसेनासा झाला. गव्हाला खारी जमीन सोसत नाही, सातूला बरीच सोसते; म्हणून शेतकरी सातूवर आला. पुढे सातूचाही उतारा पडला. ती शहरे एकट्या मिठाने बुडाली असे नाही. लढाया झाल्या, नद्यांनी पात्रे बदलली, आणि काही अभ्यासकांना मिठाची गोष्ट इतकी मोठी वाटत नाही. परंतु जमीन खारावत गेली हे पाट्यांवर लिहिलेले आहे. ते शेतकरी एका वर्षाआड शेत पड टाकीत. त्या काळात मुळे खोल जाणारे रानगवत वाढून जमिनीतले पाणी खाली जाई. सारा वाढवण्याच्या हव्यासापायी पड मोडली की मीठ वर येई.

आपल्याकडे उपाय आहेत, आणि ते करणारे शेतकरीही याच तालुक्यात आहेत. शेताच्या कडेने चर काढणे, जमिनीखाली भोके असलेले नळ पुरून साठलेले पाणी ओढ्यात काढून देणे, ठिबकने मोजून पाणी देणे, ताग-धैंचा गाडणे, चोपण असेल तर माती तपासून जिप्सम टाकणे. नळ पुरण्याचे काम एकट्याच्या वावरात होत नाही. पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून जाणार, म्हणून दहा-वीसजणांनी मिळूनच ते करावे लागते. अशा कामांनी पड पडलेली रानेही पुन्हा पिकाखाली आली आहेत. ऊरच्या शेतकऱ्याला आपल्या शेतातले मीठ कुठून येते हे पुरते उमगले नव्हते. आपल्याला उमगलेले आहे. एवढा फरक आहे आणि तो थोडा नाही.

या तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूरही सोसले. मेसोपोटेमियाच्या लोकांनीही जलप्रलयाच्या कथा लिहून ठेवल्या. नदीकाठी राहणाऱ्याला नदीचे दोन्ही हात ठाऊक असतात, देणारा आणि नेणारा. पण पूर येतो तो सर्वांना दिसतो, पंचनामा होतो. मीठ येते ते गुपचूप येते.

चौथा रविवार : आपल्याच गावात

या दिवशी कुठेही जायचे नाही. न्याहारी करून मुलांना घेऊन गावाच्या वेशीवर जा. मारुतीच्या देवळामागे, ओढ्याकाठी, वडाखाली कोरीव दगड पडलेले असतील. खाली लढणारा माणूस, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि सर्वांत वर चंद्र-सूर्य असतील तर तो वीरगळ. गावासाठी, गाईगुरांसाठी झुंजून मेलेल्या कोणाची तरी ती खूण. एखाद्या दगडावर चंद्र-सूर्याखाली गाढवाचे ओंगळ चित्र असेल तर तो गधेगाळ. दिलेले दान जो मोडील त्याला घातलेली ती शिवी आहे. बॅबिलोनमध्येही जमिनीच्या दानाचे असेच दगड करीत. त्यांवरही चंद्र-सूर्य कोरीत आणि दान मोडणाऱ्याला शाप देत. जमिनीचा तंटा आणि तो मोडण्यासाठी घातलेला शाप, दोन्ही किती जुनी आहेत पाहा.

करवीर तालुक्यातल्या कसबा बीड गावात असे वीरगळ मोठ्या संख्येने आहेत. त्या गावाची आणखी एक ख्याती आहे. पावसाळ्यात माती धुपली की शिवारात कोणाला तरी सोन्याचे लहानसे नाणे दिसते. ‘बीडला सोन्याचा पाऊस पडतो’ असे लोक म्हणतात. पाऊस आभाळातून सोने आणत नाही. जुन्या वस्तीच्या मातीत जे आहे तेच तो उघडे करतो.

तुमच्याही शिवारात पांढरीचे टेकाड असू शकते. पूर्वी गाड्याच्या गाड्या भरून ही माती शेतात टाकीत, कारण राखेने आणि कुजलेल्या शेणाने ती कसदार असते. आता यंत्र येते आणि एका दिवसात अर्धे टेकाड उचलते. बॅबिलोनची अशीच दशा झाली. नेबुकद्नेझर राजाचे नाव उमटवलेल्या त्याच्या विटा शेजारच्या गावांनी शतकानुशतके काढून नेल्या आणि आपली घरे बांधली. इराकच्या बगदाद शहरातले वस्तुसंग्रहालय २००३ च्या युद्धात लुटले गेले तेव्हा साऱ्या जगाने हळहळ व्यक्त केली. आपले टेकाड जाते तेव्हा कोणी हळहळत नाही, कारण ते काय होते हेच कोणाला कळलेले नसते.

नांगराला काही लागले तर काय करावे हेही सांगून ठेवतो. १९७४ साली दायमाबाद येथे प्रवरेच्या काठी एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे खोड खणताना काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. एकूण वजन साठ किलोहून अधिक. भंगारात घातले असते तर वजनावर पैसे मिळाले असते आणि महाराष्ट्राची साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची ओळख वितळून गेली असती. आज त्या मूर्तींचे नाव जगभरच्या पुस्तकांत आहे.

१८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवली तर हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. कळवले, आणि वस्तूला कोणी मालक नाही असे ठरले, तर कायद्याने सापडणाऱ्याला हक्क मिळतो. जमीनमालकानेही दावा केला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से व मालकाला एक हिस्सा. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर तिची किंमत आणि वर एक पंचमांश द्यावा लागतो. म्हणून भिऊ नका. वस्तू घासू नका, धुऊ नका, तोडून पाहू नका. जागा तशीच ठेवा, चार माणसांना साक्षी ठेवा आणि तलाठ्याला किंवा पोलीस पाटलाला कळवून अर्ज द्या. वस्तूइतकीच ती कुठल्या थरात, कशाशेजारी पडली होती हे महत्त्वाचे असते. जागा विस्कटली की अर्धी गोष्ट संपते.

जाताना

सहलीचे सामान थोडेच लागते. पाण्याची बाटली, भाकरी-पिठले, डोक्याला टोपी आणि मुलाच्या हाती एक वही. वस्तुसंग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. घरातल्या आजीला मागे ठेवू नका. चालवत नसेल तर टाउन हॉलच्या बागेत बसवा. वीरगळावरच्या बाईच्या हातातल्या बांगड्या कशा भरल्या आहेत हे तिलाच आधी दिसेल.

चौथ्या रविवारी संध्याकाळी घरी आलात की मुलाला वहीत दोन ओळी लिहायला सांगा. पहिली ओळ पांढरीची : आपल्या गावात जुने काय काय आहे आणि कुठे आहे. दुसरी ओळ काळीची : आपल्या रानात पाणी कुठे साठते, पांढरे कुठे फुटते. दोन्ही ओळी तारीख घालून जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा बघा. ऊरच्या कारकुनांनी मातीच्या पाटीवर लिहिले म्हणून त्यांचे आपल्याला कळले. आपले पुढच्यांना कळायला हवे असेल तर कोणी तरी लिहायलाच हवे, आणि बांधाकडेचा चरही कोणी तरी काढायलाच हवा.

पोराने पुन्हा विचारले, “आबा, मेसोपोटेमिया बघायला कधी जायचं?” तर म्हणा, “जाऊ की. आधी खालच्या वाफ्यातलं पाणी बंद करून ये.”